एव्हरीथिंग ओके, सर?

बोटीवर माणसाला सुखाने जेवू देत नाहीत. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच मागून कुणीतरी कमरेत वाकतं आणि विचारतं, "एव्हरीथिंग ओके, सर?" तोंडात घास, त्यामुळे मान हलवायची. मान हलवली की तो खूश होऊन जातो आणि दुसरा येतो. याचा कोट वेगळा, हुद्दा मोठा, प्रश्न तोच. तिसरा आला तेव्हा आमच्या हिने मला टेबलाखालून कोपरखळी मारली.

"अहो, इतके जण सारखे चौकशी का करतायत? आपण आजारी दिसतोय का?"

हिचंही बरोबर होतं. गुहागरात इतक्या वेळा इतक्या आस्थेने चौकशी फक्त अंथरुणाला खिळलेल्या माणसाची होते.

आम्ही गुहागरला घरगुती खाणावळ चालवतो. व्याडेश्वराचं दर्शन घेऊन, समुद्रावर जाऊन, वाळूने माखलेले पाय घेऊन पर्यटक आमच्या पडवीत येतात. आमच्याकडे गिऱ्हाइकाला "कसं झालंय?" असं विचारायची पद्धत नाही. चांगलं झालेलं असतं, ते आम्हाला ठाऊक असतं. विचारून त्याच्या मनात शंका कशाला आणायची? कुणी "काकू, मेनू काय?" म्हणून विचारलं तर ही म्हणते, "जेवण." फारच खोदून विचारलं तर म्हणते, "पानात दिसेल." मी तोवर झोपाळ्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत असतो. गिऱ्हाइकाकडे पाहून हसणं हे माझ्या कामात येत नाही. हसलं की ते बिलात घासाघीस करतं.

तर अशा माणसांना क्रूझवर न्यायची कल्पना डोंबिवलीच्या मेव्हण्याची. त्याला कुठेतरी सवलत मिळाली होती. सवलत मिळाली की मेव्हण्याला वस्तूची गरज आपोआप निर्माण होते. "भाऊजी, आयुष्यभर लोकांना वाढलंत, आता जरा वाढून घ्या," असं तो म्हणाला, तेव्हा ही गहिवरली. मी तिकिटाचा आकडा विचारला आणि मीही गहिवरलो.

बोट आम्हाला नवीन आहे अशातला भाग नाही. माझ्या वडिलांची सगळी मुंबई बोटीतून झाली. भाऊच्या धक्क्यावर बसायचं, हर्णै मागे टाकून दाभोळला यायचं, बोट आत येईना म्हणून पडावात उडी मारायची, आणि मग खाडी ओलांडून घर. पावसाळ्यात ही वाहतूकच बंद. बोटीवरचं जेवण म्हणजे ज्याचं त्याच्या डब्यात. भाकरी, लसणीची चटणी, कांदा. त्यातूनही एकदा बोट लागली की तेवढंही समुद्राच्या स्वाधीन. जेवण कसं होतं असं वडिलांना कुणी विचारलं नाही, कारण ते दोन्ही बाजूंनी सर्वांना दिसलेलं असे. पुढे त्या बोटी बंद पडल्या. मग 2018 च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली आणि कोकणातल्या म्हाताऱ्यांना भरून आलं, पण कोरोनात तीही थांबली. आमची बोट ती नव्हे. आमच्या बोटीचं नाव सांगत नाही, कारण मेव्हण्याची सवलत परत मागितली जाईल अशी त्याला भीती वाटते.

पहिला अडथळा बॅलार्ड पियरला, बोटीचा जिनाही दिसायच्या आत आला. आमची पिशवी त्या क्ष-किरणांच्या पेटीतून गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर एक काळा गोळा दिसत होता. समुद्रावर जायचं तर समुद्राला नारळ नको का, म्हणून हिने घरचा नारळ घेतला होता, चांगला शेंडीसकट.

"मॅडम, ये क्या है?"

"नारळ."

"अंदर क्या है?"

"पाणी."

"लिक्विड अलाऊड नहीं है."

"मग फोडू का इथे?"

"बाहर का खाना भी अलाऊड नहीं है."

म्हणजे न फोडलेला नारळ द्रवपदार्थ आणि फोडलेला खाद्यपदार्थ. तपासणाऱ्या पोराने तो कानाशी धरून हलवला. आत पाणी वाजलं, त्याचा चेहरा गंभीर झाला, त्याने साहेबाला बोलावलं. साहेबानेही हलवून पाहिला. मागची रांग गेटवे ऑफ इंडियापर्यंत गेली असावी, कारण तिथून येणाऱ्या शिव्या आम्हाला ऐकू येत होत्या. शेवटी नारळ, फणसपोळी आणि डिंकाचे लाडू जप्त होऊन आमच्या हातात पावती आली. पावतीवर लिहिलं होतं, 'वन कोकोनट'. आवळासुपारी मात्र सुटली. ते त्याला औषध वाटलं.

खोलीत गेलो तर पलंगावर हंस. टॉवेलचा. मान वगैरे वळवून, चोच काढून बसवलेला. ही कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. "कुणी पोराने एवढं मन लावून केलंय, आपण मोडायचं?" म्हणून आम्ही दोघांनीही माझ्या पंच्याने अंग पुसलं. सकाळी खोली आवरायला तो मुलगा यायच्या आधी हिने चादरी घडी घालून ठेवल्या, कप विसळून पालथे घातले, आणि न्हाणीघर खराट्याअभावी हाताने धुतलं. "परका माणूस यायचा, घर कसं दिसेल?" मुलगा आला, न विस्कटलेला पलंग आणि न मोडलेला हंस बघून चक्रावला. त्याने अत्यंत अदबीने विचारलं, "सर, यू स्लीप वेअर?"

आता जेवणाकडे येतो, कारण त्यासाठीच मेव्हणा आला होता.

पहिल्या रात्रीचं नाव 'पायरेट नाइट'. क्रूझवर रात्रीला नुसतं रात्र राहून चालत नाही, तिला नाव लागतं. भिंतींवर कवट्या, छतावरून दोरखंड, वेटरांच्या एका डोळ्यावर काळी पट्टी, खांद्यावर कापडी पोपट. सगळे वेटर येता जाता "आऽऽर्र!" असं गुरगुरत होते आणि गुरगुरून झाल्यावर "व्हेज ऑर नॉनव्हेज?" विचारत होते. एक डोळा बांधलेला असल्यामुळे त्यांना अंतराचा अंदाज येत नव्हता. सूप थोडं बशीत आणि बरंचसं मेव्हण्याच्या बाहीत पडलं.

आणि गंमत अशी, की खिडकीतून त्या वेळी डाव्या हाताला खांदेरीचं दीपगृह लुकलुकत होतं. 1679 मध्ये महाराजांनी त्या बेटावर तट बांधायला घेतला आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तर त्यांना समुद्रात मोकळेपणी फिरायची सोयच ठेवली नाही. आमचा दस्तक घ्या, मग जा. फुकट जायची सवय असलेल्या इंग्रजांनी लगेच त्यांना चाचे ठरवलं. 1998 पासून त्या बेटाला कान्होजींचं नाव आहे. म्हणजे ज्या सरखेलाच्या नावाच्या बेटासमोरून आम्ही जात होतो, त्याला शिव्या देताना इंग्रज जे म्हणत, तेच सोंग घेऊन आमची पोरं इंग्रजीतून पनीर वाढत होती. दस्तकाची पद्धत मात्र बोटीने जशीच्या तशी उचलली आहे. गळ्यात एक कार्ड अडकवतात, आणि ते दाखवल्याशिवाय पाण्याची बाटलीसुद्धा पुढे सरकत नाही.

खुर्चीवर टेकलो तोच एका चाच्याने मागून येऊन माझ्या मांडीवर काहीतरी टाकलं. मी ताडकन उभा राहिलो. आमच्याकडे जेवताना मांडीवर नातू येतो, फार तर मांजर. तो रुमाल होता. चाचा घाबरला, त्याने क्षमा मागितली, त्याच्या वरच्या चाच्याने येऊन क्षमा मागितली, आणि मग दोघांनी मिळून एकदम विचारलं, "एव्हरीथिंग ओके, सर?"

त्यापुढचा घोळ काट्याचमच्यांनी केला. जेवताना दोन शब्द बोलावेत म्हणून मी काटा आणि सुरी ताटलीत शेजारी शेजारी नीट ठेवली, की ताटली गायब. पहिल्यांदा सलाड गेलं. मला वाटलं, चूक झाली असेल त्याची. मग पास्ता गेला. मग ज्यावर माझा खरा डोळा होता तो भात गेला. शेवटी मेव्हण्याच्या बायकोने सांगितलं, "भाऊजी, काटासुरी जोडीने ठेवली की जेवण झालं असा अर्थ होतो." म्हणजे माझ्या नीटनेटकेपणामुळे मी उपाशी होतो. पुढच्या ताटलीत मी काटा उत्तरेला आणि सुरी दक्षिणेला ठेवली, शिवाय डाव्या हाताने ताटली घट्ट धरून बसलो.

मेव्हण्याचं तंत्र याहून वेगळं. त्याचं म्हणणं, बुफेत पोट भरणारा पदार्थ घ्यायचाच नाही. पोळी नाही, भात नाही, बटाटा नाही. "हे सगळं डोंबिवलीत मिळतं." मग तो चीज, कोळंबी, बदाम, आणि ज्याचं नाव वाचता येत नाही ते सगळं घेऊन यायचा. एकेका ताटलीची बाहेर काय किंमत पडली असती याचा हिशेब तो मोबाइलवर मांडत होता. सकाळची न्याहारी, मग उशिराची न्याहारी, मग दुपारचं जेवण, चार वाजता चहा-केक, मग रात्रीचं, आणि रात्री बारा वाजता ज्यांना भूक लागणं वैद्यकीयदृष्ट्या अशक्य आहे त्यांच्यासाठी आणखी एक बुफे. तलाव, नाटक, जादूचे प्रयोग, वाचनालय यांतलं त्याने काही पाहिलं नाही. "तिकिटाचे पैसे अजून सुटले नाहीत," एवढंच तो धापा टाकत सांगायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला बोट लागली. समुद्र बशीतल्या दुधाइतका शांत होता. डॉक्टरने हिरवं सफरचंद खायला सांगितलं. त्याने विचारलं, "ते पॅकेजमध्ये आहे ना?"

पहिल्या मध्यरात्रीची एक गोष्ट राहिली. बोट गुहागरसमोरून जाणार हे हिने आधीच हिशेब करून ठेवलं होतं आणि निघायच्या आधी जावेला बजावलं होतं, "साडेबाराला समुद्रावर जाऊन बॅटरी दाखवा." आम्ही वरच्या डेकवर जाऊन कठड्याला टेकलो. मागे डीजे आणि त्याच्यापुढे नाचणारं अर्धं गुजरात. समोर काळा अंधार. अंजनवेलच्या टाळकेश्वराचं दीपगृह दिसेल म्हणून मी डोळे ताणले. बोट किनाऱ्यापासून एवढी लांब होती, की दीपगृह काय, गोपाळगडावर वणवा लागला असता तरी कळलं नसतं. तेवढ्यात मेव्हण्याला एक दिवा दिसला. "ताई, ती बघ बॅटरी!" हिने पदर सावरून हात हलवला, मीही हलवला, मेव्हण्याने मोबाइलचा दिवा लावून ओवाळला. त्या दिव्यानेही उघडझाप केली. ही रडायचीच बाकी होती. मग तो दिवा आमच्या दिशेने येऊ लागला आणि त्याच्यामागून मासळीचा वास आला. ट्रॉलर होता. आम्ही काहीतरी संकटात आहोत असं वाटून ते बिचारे बघायला आले असावेत. इकडे जाऊबाई किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली रात्री एक वाजेपर्यंत बॅटरी हलवत होत्या, आणि गस्तीवरच्या पोलिसाने त्यांना चौकशीसाठी थांबवलं, हे आम्हाला घरी आल्यावर कळलं. अजून त्या आमच्याशी नीट बोलत नाहीत.

गोवा आला तसा गेला. उतरावं तर दुपारचं जेवण बुडेल, म्हणून मेव्हणा उतरला नाही, आणि तो उतरला नाही म्हणून आम्ही उतरलो नाही.

दुसऱ्या रात्री मात्र आमचं नशीब उघडलं. त्या रात्रीचं नाव 'कोकण नाइट'. कालचे चाचे आज कोळी झाले होते. कवट्या काढून त्या जागी जाळी आणि प्लॅस्टिकचे मासे. सोलकढी बोटभर उंचीच्या ग्लासात आली, वर पुदिन्याचं पान. ही म्हणाली, "हे चाखायला असेल, कढी मागून येईल." मागून काही आलं नाही. मग गोड आलं. मोठ्या पांढऱ्या ताटलीच्या एका कोपऱ्यात चमचाभर नारळगुळाचं सारण, दुसऱ्या कोपऱ्यात तांदळाच्या उकडीची चकती, मध्ये तुपाचे तीन थेंब. कार्डावर नाव होतं, 'डीकन्स्ट्रक्टेड मोदक'. टोपीवाले शेफसाहेब स्वतः टेबलाशी आले.

"मॅम, हाऊ इज अवर मोदक?"

ही बराच वेळ ताटलीकडे बघत होती. गणपतीच्या दिवसांत शेकड्यांनी मोदक वळणारी बाई ती. ती मला म्हणाली, "यांना सांगा, आमच्याकडे असा झाला तर त्याला फुटला म्हणतात आणि घरातली माणसं खातात. पाहुण्यांपुढे ठेवत नाहीत."

मी भाषांतर केलं, "व्हेरी गुड."

तेव्हा आमच्या मागे उभा असलेला कोळी फस्सकन हसला. काल हाच डोळ्यावर पट्टी बांधून "आऽऽर्र" करत होता. शेफसाहेब लांब गेल्यावर तो जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "काका, तुमी गुहागरचे ना? वरचा पाट का खालचा पाट?"

पोरगा वेलदूरचा निघाला. आमच्या जवळच्या खाडीकाठचा. त्या क्षणी त्याच्या तोंडावरचं ते बोटीचं हसू पडलं आणि खरा चेहरा वर आला, किंचित वैतागलेला, आपल्यासारखा. "काकू, ही पनीरची भाजी घेव नका, सकाळचीच हाय. डाळ घ्या, आता उतरवलीय. आनी इकडं खांबामागं बसा, इथं साहेब येत नाय." आम्ही खांबामागे गेलो. त्याने विचारल्याशिवाय वाढलं, पुरे म्हटलं तरी वाढलं, आणि "पानात टाकू नका, मग आमाला बोलतात," असं बजावलं. कुणी वाकलं नाही, कुणी हसलं नाही, कुणी चौकशी केली नाही. त्या सगळ्या प्रवासात मी पोटभर जेवलो तो एवढाच वेळ. त्याने हातात वाडगाभर सोलकढी आणून दिली, पुदिन्याशिवाय. तेवढ्यात साहेब दिसला आणि पोरगा पुन्हा कमरेत वाकून म्हणाला, "एव्हरीथिंग ओके, सर?" मीही म्हटलं, "एक्सलंट!" दोघांनीही आपापलं काम चोख केलं.

शेवटच्या सकाळी अभिप्रायाचा कागद आला. सेवेला दहापैकी गुण द्या. वेलदूरचा पोरगा तेवढ्यासाठी खोलीपर्यंत आला. "काका, दहाच टाका हां. नऊ टाकलं तर साहेब बोलावून विचारतो, काय चुकलं." मी पेचात पडलो. कोकणी माणूस दहापैकी दहा कुणालाच देत नाही. व्याडेश्वराबद्दल विचारलं तरी आम्ही साडेसात देऊ, कारण देवळात गर्दीच्या वेळी वारा येत नाही. पण हिने पेन काढून घेतलं, दहावर गोल केला आणि खाली 'अन्य सूचना' या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'मुलगा गुणी आहे. स्थळ पाहावे.'

बिलात 'ग्रॅच्युइटी' म्हणून दर माणशी दर दिवशी एक रक्कम होती. मेव्हण्याने काउंटरवर विचारलं, "हे कशाचं?" "सर, फॉर द सर्व्हिस." "म्हणजे ते विचारत होते त्याचे?" "येस सर." "मग आम्ही दर वेळी उत्तर दिलं, त्याचे कोण देणार?" काउंटरवरच्या मुलीने हसून त्याला एक फॉर्म दिला. नारळ मात्र पावती दाखवल्यावर लगेच परत मिळाला. बोटीच्या कारभाराला नावं ठेवायला जागा नाही. नारळ आम्ही धक्क्यावरूनच पाण्यात सोडणार होतो, पण तिथेही पाटी होती.

परतीला दापोलीवरून दाभोळला आलो आणि फेरीबोटीत गाडी घातली. 2003 पासून ही फेरीबोट दाभोळ-धोपावे करते आहे, आणि गाडीने सगळा वळसा घालून जायचा व्याप वाचवते. बोटीवर पाय ठेवला तोच शिट्टी वाजवत एक जण ओरडला, "ओ, गाडी पुढे घ्या! आणखी पुढे! हँडब्रेक लावा! दार उघडू नका, बाजूला रिक्षा येतेय!" हिने सीटवर मान टेकली आणि डोळे मिटून म्हणाली, "आलो बाई घरी." खाडीच्या मध्यावर हिने नारळ सोडला. कुणी पावती मागितली नाही.

घरी आल्यावर हिच्यावर क्रूझचा परिणाम दोनच दिवस राहिला. पहिल्या दिवशी हिने मांडीवर टाकायला म्हणून पाहुण्यांना रुमाल दिले, त्यांना ते हात पुसायचे वाटले, आणि जाताना आठवण म्हणून एक जण घेऊनही गेला. दुसऱ्या दिवशी जेवणाऱ्या एका पुणेकर गृहस्थांना हिने हौसेने विचारलं, "कसं झालंय?" त्यांनी पान बाजूला सारून सांगायला सुरुवात केली. बिरड्यापासून सुरुवात करून ते आमटीवर आले, आमटीवरून गूळ आणि गुळावरून पुण्यातली एक आमटी, मग कै. आत्याबाई, मग एकूण कोकणातल्या आतिथ्याची घसरण. आतली पंगत उठून दुसरी बसली तरी ते ताकापर्यंत पोचले नव्हते. मी झोपाळ्यावरून उठून त्यांच्यापुढे हात धुवायचं भांडं ठेवलं, तेव्हा थांबले.

त्यानंतर आमच्याकडची सेवा पूर्वपदावर आली आहे. गुहागरला येणार असाल तर सकाळी दहाच्या आत फोन करून माणसं किती ते सांगा. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा, आणि नेमके किती हवेत तेही सांगा. "बघू, चार-पाच" असं सांगितलंत तर चारच मिळतील. मिळतील ते वळलेले असतील, एवढी हमी देतो.